गंधकाचा गुरुवार

नंदकिशोर बेलसरे यांना द्राक्षं आवडतात असं मुळीच नाही. खाल्ली की त्यांचा घसा बसतो. तरीही निगडी प्राधिकरणातल्या सप्तपर्णी सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, द्राक्षाचा वेल लावायचा खटाटोप त्यांनी केला, आणि त्याला कारण झाला समोरच्या फ्लॅटमधला केयूर. केयूर हा सोसायटीचा सेक्रेटरी. आयटीत कामाला, पण काम घरूनच, त्यामुळे दुसऱ्यांच्या घरांकडे लक्ष द्यायला त्याला भरपूर सवड. तो एकदा लिफ्टमध्ये सहज बोलून गेला, "काका, आपल्या हवेत द्राक्ष येणं शक्यच नाही. एवढ्या कंपन्या आजूबाजूला." बोलणं द्राक्षाबद्दल होतं. पण नंदकिशोर चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर, त्यामुळे ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

सेफ्टी ऑफिसर हा माणूस कंपनीतून घरी येतो, पण ड्यूटीवरून कधी उतरत नाही. नंदकिशोर लग्नाला गेले की वधूवरांच्या आधी मांडवातलं वायरिंग बघत. नाटकाला गेले की बाहेर जायच्या दाराशेजारची खुर्ची धरत. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद केला का हे स्वतः बघत, मग सुहासिनीबाईंना बघायला लावत, आणि अंथरुणावर पडल्यावर त्यांनी नीट बघितलं असेल का याची काळजी करत. मन शांत राहावं म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून ते चांदीत मढवलेला मोती बोटात घालत असत. मोत्याचा उपयोग एवढाच झाला की अंगठी हरवेल की काय ही आणखी एक काळजी लागली.

ज्या गुरुवारची ही गोष्ट, त्या आठवड्याची सुरुवातच वाईट झाली होती. सोमवारी त्यांच्या राउंडच्या वेळी धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंग विभागात भुशाचा एक ढीग दिसला. बूट लावून बघितलं तर खाली ॲसिड सांडलेलं. प्रज्वल नावाच्या कामगाराच्या हातून कॅन कलंडला होता आणि त्याने सांगायचं सोडून वर भुसा टाकला होता. नंदकिशोरांचा नियम सगळ्या कंपनीला पाठ होता: चूक केली तर माफ, चूक लपवली तर तीन दिवस घरी, बिनपगारी. "सांडलं ते सांडलं. लपवलंस का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. प्रज्वल बुटांकडे बघत उभा राहिला, काहीच बोलला नाही. त्यांनी त्याला घरी पाठवलं, आणि त्याच्या गप्प राहण्याचा राग त्यांच्या डोक्यात आठवडाभर राहिला.

तर द्राक्षाचा वेल. त्याची काडी दिली तळमजल्यावरच्या उद्धवरावांनी. उद्धवराव मूळचे चाकणचे, वडिलोपार्जित जमिनीवर आता कुणाची तरी गोदामं उभी आहेत. त्यांचा साडू नारायणगावात द्राक्षं पिकवतो. वेल लागला, चढला, ग्रिलला धरून वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचला. केयूरला मुद्दाम चहाला बोलावून तो दाखवण्यात आला. आणि पुढच्याच आठवड्यात पानांवर पांढरी पावडर पसरली.

"भुरी हाय ती," उद्धवरावांनी खालूनच मान वर करून निदान केलं. "गंधक अन् चुना उकळायचा. लालभडक काढा व्हतो. पातळ करून फवारायचा. आमी तेच करायचो."

"आंबट ताक मारा," त्यांच्या मागून रुक्मिणीबाई म्हणाल्या. "दुसरं काय बी नगं."

"तू गप. इंजिनेर माणूस हाय त्यो, ताक मारंल व्हय?"

ताक हा उपाय नंदकिशोरांना फारच अशास्त्रीय वाटला. केयूरने पाचसहा व्हिडिओ पाहून वेगळंच मत दिलं, की चुना फार वेळखाऊ, त्याऐवजी कॉस्टिक पोटॅश घ्या, झटक्यात काम. शास्त्र म्हणून त्यात चूक नव्हती. गंधक तसा हेकट पदार्थ. पाण्यात तासन् तास ठेवा, ढिम्म हलणार नाही. पण पोटॅशसारख्या कडक अल्कलीत घालून तापवला की मऊ पडतो, विरघळतो, आणि पिवळ्याचा लाल, लालचा काळपट होत जातो. हे नंदकिशोरांना ठाऊक होतं. या काढ्यात ॲसिडचा थेंब पडला तर सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटतो, हेही ठाऊक होतं. ठाऊक कसलं, कंपनीत या विषयावर रंगीत चित्रांसह त्यांचं व्याख्यानच होतं.

गंधक तळेगावच्या खतांच्या दुकानातून आला. पोटॅश दिलं मागच्या गल्लीतल्या सुजितने. सुजित लातूरकडचा. पत्र्याच्या शेडमध्ये नटबोल्टांना जस्ताचा मुलामा देण्याचं त्याचं छोटं वर्कशॉप, आणि शेडच्याच मागच्या खोलीत तो, बायको करिष्मा आणि लहान मुलगी राहायची. "काय करता साहेब याचं?" त्याने विचारलं. "औषध," नंदकिशोर म्हणाले. त्याने पैसे घेतले नाहीत.

आपल्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. साऱ्या जगाचा रविवार वेगळा आणि पिंपरी-चिंचवडच्या कामगाराचा वेगळा. यात एक सोय अशी की गुरुवारी नवरा घरी आणि सुहासिनीबाई शाळेत. त्यांना या प्रकल्पाची कल्पना देण्यात आली नव्हती. परवानगी मागितली तर नकार मिळेल अशी भीती असली की नंदकिशोर परवानगी मागत नसत. ही पद्धत त्यांनी कंपनीत मात्र कुणाला चालू दिली नव्हती.

तयारी बघण्यासारखी होती. चष्म्यावर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे, पोटावर रबरी एप्रन, पायात बूट. मागच्या बाल्कनीत शेगडी, शेगडीवर जुनी लोखंडी कढई, बाजूला वाळूची बादली, पाण्याची बादली, ओला टॉवेल. काम सुरू करण्याआधी त्यांनी एकट्यानेच बाल्कनीतून दारापर्यंत पळून बघितलं, वाटेत काही आडवं येतं का म्हणून. चपलांचं स्टँड आलं. ते सरकवलं.

काढा सुंदर झाला. लालभडक, अगदी उद्धवराव म्हणाले तसा. नंदकिशोरांनी त्याचा फोटो काढला, केयूरला पाठवण्यासाठी. फोटो काढायला मोजा काढला, मोजा काढताना कोपर लागलं, आणि कढई कलंडली.

भाजलं नाही, हे नशीब. पण काढा सगळ्या बाल्कनीभर गेला. त्या बाल्कनीला गेल्या दिवाळीत पांढऱ्या टाइल्स बसवल्या होत्या. पांढऱ्या शुभ्र. त्या टाइल्सवर आता जागोजाग तपकिरी डाग, कडेला काळे, मधे पिवळे. त्यांनी पाणी ओतलं. डाग पसरले. साबण लावला. साबण पिवळा झाला. घासणीने घासलं, मग दात घासायच्या ब्रशने फटी घासल्या. सुहासिनीबाईंची शाळा सुटायची वेळ होत आली होती, आणि प्रत्येक रिक्षाच्या आवाजाला नंदकिशोर उठून खाली डोकावत होते.  हे काय केलं मी, आता काय सांगू तिला, एवढंच डोक्यात.

सिंकखाली फरशी पुसायच्या ॲसिडची बाटली होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की नंदकिशोर बेलसरे मूर्ख गृहस्थ नव्हेत. त्या बाटलीवर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत होतं. कंपनीत कुणी दुसऱ्याने ती अशा जागी नुसती नेली असती तरी त्यांनी भोंगा वाजवला असता. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे रंगीत चित्रं नव्हती, सुहासिनीबाईंचा चेहरा होता. त्यांनी झाकण उघडून अर्धी बाटली फरशीवर ओतली.

आणि डाग गेला. लाल काढा बघता बघता दुधासारखा पांढरा झाला, फेसाळला आणि मोरीकडे धावला. नंदकिशोरांना एक पळभर असा आनंद झाला की त्यांनी उरलेली बाटलीही ओतली. मग वास आला. हजार अंडी एकदम सडावीत तसा वास. डोळे चुरचुरले, डोकं गरगरलं. ओला टॉवेल तोंडाला लावून ते मागे सरकले, आणि थोड्या वेळाने वास येईनासा झाला.

दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणून खाली बसला असता. नंदकिशोरांनी दाराकडे बघितलं. हा वायू जास्त झाला की आधी नाक बधिर करतो, माणसाला वाटतं गेला वास, आणि माणूस जातो. हे वाक्य त्यांच्याच व्याख्यानातलं. शेगडी बंद करून, श्वास धरून, सकाळी सराव केलेल्या वाटेने ते पळाले. सरकवलेलं चपलांचं स्टँड पुन्हा आडवं आलं.

मोरीचा पाइप डक्टमध्ये, आणि डक्टला प्रत्येक मजल्यावरच्या बाथरूमची खिडकी. जिन्यात ते पोचले तोवर वरून खालून दारं उघडायला लागली होती. इथे मात्र बेलसरे कमाल वागले. बेल दाबू नका, लिफ्ट घेऊ नका, म्हाताऱ्यांना आधी काढा, असं ओरडत त्यांनी वरच्या मजल्यापर्यंत दारं ठोठावली आणि सगळी इमारत समोरच्या बागेत आणून उभी केली. स्वतः सगळ्यात शेवटी उतरले. तोवर कुणीतरी अग्निशमन दलाला फोन लावला होता. कुणाला काही झालं नव्हतं, फक्त डोळ्यांतून पाणी. लोकांनी त्यांना एप्रन आणि गॉगलमध्ये पाहिलं आणि कौतुकाने माना डोलावल्या.

"बघा," केयूर सगळ्यांना म्हणाला, "काका किती तयारीत असतात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

 सांगू, दोन मिनिटांत सांगू, असं नंदकिशोरांनी ठरवलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. औद्योगिक पट्ट्यातल्या सेफ्टी ऑफिसरांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे, कुठे गळती झाली की एकमेकांच्या मदतीला धावायचं म्हणून. त्यावर निरोप होता: निगडीत अज्ञात वायूचा वास, जवळ कोण आहे? खाली त्यांच्याच प्लँट हेडचं, इनामदार साहेबांचं उत्तर: "आमचे बेलसरे तिथेच राहतात. बेलसरे, तुम्ही लीड घ्या. उगम शोधा आणि मला कळवा."

उगम एप्रन घालून बागेत उभा होता.

बागेत चर्चासत्र रंगलं. रुक्मिणीबाईंनी हुंगायला कांदा फोडून वाटला. उद्धवराव ठामपणे म्हणाले, "चाकणची कंपनी हाय ही."

"आज गुरुवार आहे उद्धवराव," नंदकिशोर कसेबसे म्हणाले. "सगळं बंद आहे."

"बंद असतंय म्हणूनच सोडत्यात. बघाया कोन हाय?"

"आणि वारा उलटा आहे."

"वारं फिरलं आसंल."

 पण चाकण लांब, तिथे जाऊन भांडायचं म्हणजे दुपारची झोप जाणार. लोकांना जवळचा गुन्हेगार हवा होता, आणि तो केयूरला सापडला. "मागच्या गल्लीत ते प्लेटिंगवालं शेड आहे ना. कायमच काहीतरी उकळत असतं तिथे. लोकवस्तीत हे चालवतोच कसा?" बघता बघता पंधरावीस माणसं निघाली. केयूरने चालता चालता पोलिसांना फोन लावला, शेड आजच्या आज सील करा म्हणून. नंदकिशोर मागोमाग धावले. आत्ता सांगू, वळणापर्यंत सांगू, असं करत वळणही गेलं.

शेडचं शटर बंदच होतं. सुजित मागच्या दारातून बाहेर आला, बनियनवर, हाताला साबणाचा फेस. पाठोपाठ करिष्मा, मुलीला कडेवर घेऊन. एवढी माणसं बघून ती दारातच थबकली.

"आज बंदच हाय की हो," सुजित म्हणाला. "मी कपडे धूत होतो. वास मलाबी आला. मला वाटलं तुमच्याकूनच येतोय."

"आमच्याकडून? फ्लॅटमधून गॅस येतो?" केयूर म्हणाला. "पोलीस येतायत, त्यांना सांग."

"शेड सील झालं तर आमी राहायचं कुठं?" करिष्माने विचारलं. तिने ते कुणा एकाला विचारलं नव्हतं.

सुजितने गर्दीत नजर फिरवली आणि त्याला नंदकिशोर दिसले. चेहऱ्यावर एकदम धीर आला त्याच्या. "साहेब, तुमी सांगा की यांना. तुमी सेफ्टीचे. तुमाला कळतंय यातलं."

नंदकिशोरांनी गॉगल कपाळावर सरकवला. समोर नोकरी दिसत होती, सत्तावीस वर्षांची. इनामदार साहेब दिसत होते. आणि प्रज्वल दिसत होता, बुटांकडे बघत उभा असलेला.

"वास माझ्या घरातून आलाय," ते म्हणाले. "मी केलंय ते."

 मग उद्धवरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "देवमाणूस हाय," ते लोकांना म्हणाले. "गरिबाचा संसार मोडू नये म्हणून स्वतःवर घेतोय."

"नाही हो. खरंच मी. द्राक्षाचं औषध करत होतो."

"काका," केयूर त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "कंपन्यांचं काही प्रेशर आहे का तुमच्यावर? तुम्ही नुसती मान हलवा."

आयुष्यभर ज्या माणसाने मिळवून मिळवून विश्वास मिळवला, तो आता त्याच्याच मुळावर आला. गंधक सांगितला, पोटॅश सांगितलं, ॲसिडची बाटली सांगितली. "बेलसरे आणि ॲसिड मोरीत ओततील?" एक गृहस्थ हसले. "अहो, ते मेणबत्तीसुद्धा बादलीत पाणी घेऊन लावतात." नंदकिशोर रडकुंडीला आले. स्वतःचा गुन्हा शाबित करायला त्यांना वकील लागणार अशी वेळ आली.

शेवटी पुढे आल्या त्या रुक्मिणीबाई. त्यांनी कांद्याचा हात पदराला पुसला आणि नंदकिशोरांचा हात धरून वर केला. "ही अंगठी काल चांदीची व्हती," त्या म्हणाल्या. "आज काळीठिक्कर पडलीया. माझ्या चांदीच्या बांगड्या बघा, चकचकीत. सुजितच्या बायकूचं जोडवं बघा, पांढरं हाय. वास कुनाच्या घरात लई, ते दिसतंय की."

सगळ्यांनी आपापली चांदी बघितली. मग नंदकिशोरांची बघितली. मोती तेवढा पांढरा होता, बाकी अंगठी तव्यासारखी. तेवढ्यात सोसायटी तपासून अग्निशमन दलाचे अधिकारी गॅस मोजायचं यंत्र घेऊन गल्लीत आले आणि त्यांनी विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर, द्राक्षाचा वेल असलेला फ्लॅट कुणाचा? खिडक्या उघडल्यात. संध्याकाळपर्यंत कुणी आत जाऊ नका."

त्यानंतर जे काही झालं ते सांगण्यासारखं नाही. केयूरने पोलिसांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. सुजितची माफी कुणी मागितली नाही, फक्त गर्दी हळूहळू विरली. नंदकिशोर एकटे थांबले. "पोटॅश तुझंच होतं," ते म्हणाले. "तुला सांगायला पाहिजे होतं मी. चुकलं माझं." सुजितने हातावरचा वाळलेला फेस झटकला. "जाऊ द्या साहेब. बोलला तर खरं तुमी." करिष्मा मात्र मुलीला घेऊन आत गेली.

सुहासिनीबाई रिक्षातून उतरल्या तेव्हा दारात लाल गाडी, बागेत सगळी इमारत आणि बाकावर एप्रन घातलेला नवरा. त्या धावत आल्या. "अहो, तुम्ही बरे आहात ना?"

"डाग गेला," नंदकिशोर म्हणाले. मग सगळं सांगितलं, क्रमाने, काही न गाळता. टाइल्सपाशी आल्यावर त्यांचा आवाज चिरकला. सुहासिनीबाई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या.

"त्या टाइल्ससाठी? मला मुळीच आवडत नव्हत्या त्या. तुम्हालाच हव्या होत्या, घसरत नाहीत म्हणून." मग त्यांनी पदराने डोळे पुसले. ते वायूमुळे की आणखी कशाने, हे विचारायची नंदकिशोरांची हिंमत झाली नाही. "जीव गेला असता ना तुमचा," त्या म्हणाल्या.

इनामदार साहेबांना त्यांनी तिथूनच फोन केला. उगम सापडला, म्हणाले, आणि तो कोण ते सांगितलं.  "बेलसरे," साहेब म्हणाले, "शेडपर्यंत लपवलंत म्हणता. नियम तुमचाच आहे. तीन दिवस. पण आधी उद्या सकाळी येऊन सगळ्यांसमोर हे जसंच्या तसं सांगायचं."

शुक्रवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे कामगार नेहमीसारखे कंपनीच्या शेडबाहेर उभे होते. सुरक्षेच्या रोजच्या चार गोष्टी ऐकायच्या आणि कामाला लागायचं, ही तिथली रीत. नंदकिशोर रात्रभर झोपले नव्हते. त्यांनी कढईपासून अंगठीपर्यंत सगळं सांगितलं. सुरुवातीला माना खाली घालून हसू दाबणारे पुढे पुढे माना वर करून ऐकायला लागले. करिष्माचा प्रश्न सांगताना ते स्वतःच अडखळले. बोलून झाल्यावर त्यांनी सवयीने विचारलं, "कुणाला काही शंका?"

शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला. प्रज्वल होता. त्याचे तीन दिवस संपून तो आजच परत आला होता.

"सर, तुम्हाला तर सगळं माहीत होतं. मग ॲसिड ओतलं का?"

चांगलं उत्तर द्यावं म्हणून नंदकिशोरांनी बराच विचार केला. दुसरं काही सुचेना.

"बायको येणार होती," ते म्हणाले.

एकदम मोठा हशा झाला. प्रज्वल हसला नाही. तो पुन्हा त्या दिवसासारखा बुटांकडे बघायला लागला, पण या वेळी बोलला.

"सोमवारी तुम्ही येणार होतात, सर."

हशा थांबला. नंदकिशोर काळ्या पडलेल्या अंगठीवरून अंगठा फिरवत उभे राहिले. तो काळेपणा काही पुसला जात नव्हता. मग शिफ्टचा भोंगा झाला, माणसं आत जायला लागली, आणि ते प्रज्वलला म्हणाले, "माझे तीन दिवस सुरू झाले. चल, गेटपर्यंत ये माझ्याबरोबर."